निळ्या जाळीतले बोंबील

—त्याला हात नका लावू ताई, अहो नका, त्या निळ्या जाळीतले नाय इकायचे. हे घ्या ना, हे वलांडीवरचे, कालच सुकवायच्या बांबूंवरून काढले, कडक—वास घ्या, घ्या, लाजू नका. बोळिंजवरून एवढ्या उन्हात अर्नाळ्याला आलात म्हंजे चांगलेच देनार मी. तेच का हवेत? चांगले दिसतात म्हनून? चांगले हायतच. म्हनून तर इकायचे नाय. कारन इचारू नका. बसा, पानी घ्या.

जाळी कुठली? जपानची. हसा, हसा! माझी पोरगी क्षितिजा तिकडं म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला हाय. गेल्या साली बोलली, आई, तीन महिने ये, आराम कर. आराम! मालूला आराम! ती सातला कामाला जायची, मी खोलीत एकटी, भिंत बघत—किती बघनार? मंग पायात बूट घातले नि निघाली. हरवू नये म्हनून एक दिवस उजव्या हाताला, एक दिवस डाव्या. वाटेत देऊळ लागलं. ना नारळवाला, ना चपला सांभाळनारी, आत कोन देव बसलाय तेपन दिसेना. मी हात जोडले, बोलली, जो कोन असशील बाबा, मी मालू, अर्नाळ्याची, कालिकामातेच्या गावची, पोरीवर लक्ष ठेव. देवळामागं तळं, तळ्यात हे एवढाले मासे, लाल, पांढरे—आपन मासोळीच्या मागं बोटी घालतो, तिथं मासाच तोंड उघडून मानसाच्या मागं येतो! मी वाकून एकाला पाठीवर बोटानं दाबून बघितलं, ताजा हाय का. सवय वो! डोळ्यासमोर पोहतोय नि मी ताजा हाय का बघते.

पुढं एक बाग. घसरगुंडी, झोपाळा, पोरांनी लोंबकळायच्या लोखंडी दांड्या—पोर एकबी नाय. ऊन मात्र कडकडीत, वारा कोरडा, मासा सुकवायचा वारा, आनि फुकट चाललेला. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मासे आनले, आपल्या बांगड्याचा चुलतभाऊच, चिरले, मीठ लावलं, टांगले दांड्यांवर ओळीनं. झक्कास वलांडी! अर्ध्या तासात कावळे. मी बूट काढून कावळ्यांच्या मागं, आनि समोरून झाडू घेऊन एक म्हातारा.

रोज बाग झाडायचा तो, कोनी सांगितलं नव्हतं, आपला आपनच. मोरिता नाव—आपली मोरी मासोळी असते ना, म्हनून माझ्या लक्षात राहिलं. मला वाटलं, झालं, आता पोलीस, आता पोरीची नोकरी गेली. तो मासे बघतो, मला बघतो, एक मासा उलटा करून माझी चीर बघतो, जानकार बघतो ना, तसा—आनि निघून गेला. परत आला तो ही जाळी घेऊन—मी गावाला निघाली तेव्हा मलाच देऊन टाकली तेनं. बघा, तीन कप्पे, वर चेन, कावळा सोडा, माशी शिरत नाय. समुद्राकडचाच निघाला वो! बापाची होडी होती. हे सगळं हातवाऱ्यांनी. मंग रोजच. जाळी तेच्या अंगनात टांगायची, आनि आम्ही बागेत बाकावर. मी मराठीत, तो तेच्या भाषेत. दिनानाथ गेल्यापासून नऊ वर्षं जे कोनाला बोलली नाय, ते तेला बोलली. तेला कळलं काय? काय नाय. पन ऐकायचा. दिनानाथ—आमचे मालक, तो फोटो—मानूस चांगला, पन बायकोचं ऐकायला कधी बसला नाय.

अशा काय बघता? तसलं काय नाय! एकसष्ट संपलं माझं.

आता क्षितिजा बोलते, मार्चला परत ये. तिकिटाचं आजच सांगायचंय, आनि मी आठ दिवस नाय-नायच करते. शेजारची पॉलिन बोलली, मालू, गाव हसेल. हसेलच की. म्हनून नायच बोलनार होती मी—पन परवा क्षितिजा सांगते, आई, मोरिता-सान दाराशी आलेले. दोन बोटं अशी खाली सोडली, टांगलेल्या माशासारखी, नि भुवया वर केल्या. म्हंजे, ती कधी येनार? पोरीनं मान हलवली, नाय येनार. तर म्हातारा कितीतरी वेळ तिथंच, पायपुसन्यावर. मंग वाकून नमस्कार केला नि गेला. तेव्हापासून ही जाळी भरतेय मी, एकेक निवडून, एकाची शेपटी तुटलेली सापडायची नाय. तेनं बोंबील खाल्लेला नाय ताई! सत्तर वर्षं काढली मानसानं बोंबलाशिवाय! मला तेची आठवन येते. झालं? काढलंत माझ्या तोंडून?

थांबा, फोन. हॅलो—हां क्षितिजा, जेवली. ऐक, काढ तिकीट. हां, बोलली ना, काढ. रडतेस कशाला? आराम करायला येते मी, दुसरं काय! आनि सामान किती किलो चालतं गं? कपडे? कपडे कोनाला हवेत! ठेव आता, गिऱ्हाईक हाय दारात.

तुम्ही अजून हितंच? घ्या, ही पिशवी घ्या, तुमचे वलांडीवरचे. आनि पॉलिनच्या दारावरून जाताना थांबायचं नाय, हाक मारली तरी. जावा ताई. जावा ना, मला चेन लावायचीय.