सगळ्यांचा एक थर्मास

...आणि कॉलेजच्या वार्षिक अहवालावर, चकचकीत कागदावर छापलंय काय, तर 'कर्तृत्वाचं आणि सेवेचं वर्ष'! अहो कसलं कर्तृत्व नि कसली सेवा, मला विचारा ना, या डेर्लिसला विचारा, बाजारात त्या टेबलामागे घामाघूम होऊन वर्षभर कोण बसलं होतं? बरं, आमच्या फार्मसी कॉलेजनं दुसरं काही केलंच नाही असं नाही हं. शेवटच्या वर्षाच्या मुलींनी पेरूच्या पानांचं मलम केलं, त्याला बक्षीस मिळालं. आमच्या पोरांनी दंतवैद्यांना फुटबॉलमध्ये हरवलं, तेही अहवालात आलंय, फोटोसकट. पण सेवेच्या पानावर? आम्हीच! कारण आमच्याकडे असुन्सियोन शहरात नियमच आहे, समाजसेवेचे तास मंजूर झाले नाहीत तर पदवी नाही, मग तुम्ही सगळे पेपर कितीही झकास सोडवलेले असोत. आणि मला पदवी हवी होती हो, आईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं, डिसेंबरात मुलगा फार्मसिस्ट होणार म्हणून, समारंभासाठी ड्रेससुद्धा शिवायला टाकलेला तिनं...

तर आमच्या सुनिल्दाबाई, म्हणजे या सेवाखात्याच्या प्रोफेसर, त्यांनी ठरवलं की बाजारात टेबल मांडायचं, विकायला बसणाऱ्या बायकांचं ब्लडप्रेशर मोजायचं आणि दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या नीट कशा घ्यायच्या ते शिकवायचं. जागा कुठली, तर अगदी रस्त्यावरची, भर उन्हातली. मी म्हटलं, बाई, आत सावली आहे. तर नाही! फोटो काळे येतात. कारण काय, तर अहवाल!

मग काय, बसलो. पुढ्यात सगळी जडीबुटी विकणाऱ्या बायकांची रांग, पुदिना, गवती चहा, कसल्या कसल्या मुळ्या, आणि त्यांची पुढारी न्या सिन्फोरियाना. न्या म्हणायचं हं, मान द्यायचा, नाहीतर ती तुम्हाला पुदिन्याच्या जुडीनं हाणते. मी पहिल्याच दिवशी घसा फोडून सांगितलं, गोळी रोज घ्यायची, सकाळी घ्यायची, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, एक दिवस चुकवायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. न्या सिन्फोरियाना म्हणाली, पोरा, एवढं तर आम्हाला आईच्या पोटात असल्यापासून कळतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण तुम्हाला सांगतो, पुढे पुढे आकडे विचित्र यायला लागले. ज्या बायकांचं प्रेशर चढलेलं, त्यांचं उतरलं थोडंसंच. आणि ज्यांना काहीच नव्हतं, त्यांचं पण उतरलं! शेजारचा चिपा, म्हणजे चीजचे पाव, विकणारा सिरिलो, धडधाकट माणूस, तो गिऱ्हाइकाला पाव देता देता बसल्या जागी पेंगायला लागला. आणि बाजाराच्या संडासापुढे ही रांग! सकाळ सरली की अख्खी गल्ली तिथे, पाय आवळून उभी. मी बाईंना म्हटलं, बाई, काहीतरी गडबड आहे. बाई म्हणाल्या, आकडे खाली येतायत ना? मग तू उगाच कशाला उकरून काढतोस? कारण काय... बरोबर, अहवाल!

आणि मग एक दिवस डीनसाहेब आले, फोटोग्राफर घेऊन, आमचे तास मंजूर करायला. इस्त्रीचा कोट. ऊन असं की डांबर चिकटतंय. आता एवढा मोठा माणूस आला म्हटल्यावर न्या सिन्फोरियानानं काय करावं? पुढे केला ना तेरेरेचा पेला! बर्फाच्या पाण्यातला तो कडवट पाला, एक शिंगाचा पेला, एक नळी, सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायचं, नाही म्हणालात तर अपमान. डीनसाहेब तहानलेले. एक घेतला. फिरून पाळी आली, दुसरा घेतला. वा, म्हणाले, आज चव काही निराळीच.

मी आपला सहज विचारलं हो, नुसतं बोलायचं म्हणून, न्या, आज पाण्यात काय काय कुटून टाकलंय?

"पुदिना," ती म्हणाली, "गवती चहा, आणि तुझ्या गोळ्या."

"कुठल्या माझ्या गोळ्या?"

"आमच्या सगळ्यांच्या. प्रत्येक जण आपापली आणतो, मी खलबत्त्यात कुटते, थर्मासात टाकते. रोज सकाळी. तूच नाही का सांगितलंस, भरपूर पाण्याबरोबर?"

मी म्हटलं अगं न्या, ज्याची गोळी त्यानं घ्यायची असते, एकट्यानं! तर माझ्याकडे असं बघितलं तिनं, जसा काही मी तिला कोपऱ्यात तोंड फिरवून एकटीनं जेवायला सांगतोय. "औषध आणि एकटीनं?" म्हणाली. "आणि बाकीच्यांनी काय, तोंडाकडे बघत बसायचं?"

म्हणजे बघा, प्रेशरच्या गोळ्या, वर लघवीच्या गोळ्या, अख्ख्या गल्लीच्या, एका थर्मासात! आणि डीनसाहेबांच्या हातात तिसरा पेला. नळी ओठाला. समोर मंजुरीचं पेन उघडं. बाई डोळ्यांनी मला दटावतायत. मी गप्प राहिलो असतो तर सही झाली असती, आईचा ड्रेस सत्कारणी लागला असता... आता सांगा, काय करावं माणसानं?

"सर," मी म्हटलं, "पेला खाली ठेवा."

आणि सांगितलं सगळं. डीनसाहेब उभे होते, ते हळूच बसले. मग पुदिन्याच्या जुड्यांवर आडवेच झाले. आम्ही पाय उचलून पोत्यावर ठेवले, बायका पुठ्ठ्यानं वारा घालतायत, मी प्रेशर मोजतोय. घाबरू नका, थोड्या वेळानं रंग परत आला. पण बाईंचा गेला! म्हणाल्या, तास रद्द, हा मुलगा या वर्षी पास होत नाही.

तशी न्या सिन्फोरियाना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरानं सांगितलं रोज घ्या, आम्ही रोज घेतल्या. पावसात घेतल्या, सुट्टीत घेतल्या. तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचं एवढं कोण ऐकतं, सांगा की."

डीनसाहेब आडवे पडूनच विचार करत होते. आडव्या माणसाला शहाणपण लवकर सुचतं की काय, देव जाणे. म्हणाले, खरंच रोज? एकीनंही चुकवली नाही? आणि पडल्या पडल्या सही केली. पण अट घातली, प्रत्येक बाई आपली गोळी आपल्या तोंडात घालून आपली आपण गिळेपर्यंत हे टेबल उठायचं नाही, आणि टेबलामागून मी उठायचं नाही, पदवी मिळाली तरी.

अहवालात तो फोटो आलाय, बघा. पुदिन्यावर आडवे डीनसाहेब, भोवती वारा घालणाऱ्या बायका, खाली ओळ, 'समाजात मिसळताना'. पदवीपण मिळाली. नाव पुकारलं, आई त्या ड्रेसमध्ये इतकी रडली की शेजारच्या बाईलाही रडवलं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

आणि आता? आता रोज सकाळी मी, पदवीधर फार्मसिस्ट, रांगेपुढे उभा राहून एकेकीला म्हणतो, आ करा, जीभ उचला, गिळली का बघू. आणि न्या सिन्फोरियाना काय म्हणते, "आधी तू कर आ, आम्ही एकट्यानं तोंड उघडत नाही."

मग करतो. भर बाजारात, आ...! काय करणार?