पारावरची तपासणी

घ्या चहा, नानांचं सांगतो. आमच्या उपकेंद्राची सिस्टर आता मोबाइलवर शहरातला डॉक्टर दाखवते. पण रेंज फक्त पारावर, म्हणून तपासणीबी पारावरच.

परवा आमचे चुलते नाना बसले. तोंडात फोड आलते. डॉक्टरांनी फोनमधून विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई बा! कवाच सोडली."

तेवढ्यात शेजारी बसलेल्या रशीदचाचांनी रोजच्यासारखी तंबाखू मळून तळहात पुढं केला. नानांनी डॉक्टरांकडं बघतच चिमूट उचलली आन् गालात धरली.

आता नाना एसटीनं माजलगावच्या दवाखान्यात जातात.

मी म्हणालो, "सरकारनं डॉक्टर पारावर आणला, मग तिकडं कावून?"

"तिथं रशीद नसतो बे!"