सुमीची गाय

१९८६ साल. घाटकोपरच्या पोस्टात माझ्यापुढे रांगेत दोघीजणी होत्या. अनाथाश्रमात आया असलेली शेवंती आणि तिची शेजारीण विमला.

"स्वीडनला पत्र? तिकडे कोण गं तुझं?"

"सुमी. दत्तक गेली ना. अडीच वर्षं मीच वाढवली तिला."

"आधीपण गेलीत की पोरं."

"गेली, पण पुढचं काही कळायचं नाही. आता कोर्टाने नियम केलाय. मूल परदेशी दिलं की दर तीन महिन्यांनी रिपोर्ट न् फोटो पाठवायलाच लागतो."

"मग, बरी आहे ना?"

"झकास आहे. गाल वर आलेत. फक्त संध्याकाळ झाली की 'गाई गाई' करून रडते. तिच्या नव्या आईबाबांनी तिकडे कुणा हिंदी येणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, गाय मागतेय. कापडाची गाय आणून दिली बिचाऱ्यांनी."

"अगं, पोरीला झोप आली असेल."

"तेच ऑफिसातल्या बाईंकडून इंग्रजीत लिहून घेतलंय. दिवा बारीक करा, पाठीवर थोपटा आणि 'गाई गाई' हळू म्हणा."

"आणि शेवंतीमावशी आठवण काढते, ते लिहिलंस?"

"नाही गं. आता तिला आईच्या आवाजात झोप लागू दे."