पाठ फिरवली त्या बुधवारी

माझं गाव नगर जिल्ह्यातलं, नेवाशाकडं, घरानं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, बाप मिशनच्या शाळेत शिपाई व्हता आन् रविवारी देवळाची घंटा वाजवायचा, देऊळ म्हंजे चर्च बरं का, आमच्यात देऊळच म्हनत्यात. लग्न झालं, पोरगं झालं, मालक लवकर गेले, पोरगं ट्रक चालवायला कॅनडात आलं आन् मागनं मला घिऊन आलं. एडमंटनची पयली थंडी, काय सांगू तुम्हाला, मी म्हनलं ही काय मानसं ऱ्हायची जागा हाय का. पन ऱ्हायले. घरात करमंना म्हनून इथल्या अँग्लिकन चर्चात जायला लागले आन् तिथंच कामाला लागले, झाडायचं, व्हॅक्यूम मारायचा, वॉशरूम धुवायच्या, दारापुढचा बर्फ शोव्हल करायचा. आन् बुधवारी बेसमेंटात ग्रोसरी वाटत्यात, ज्याला गरज आसंल त्याला, कुनी काही इचारत न्हाई, तिथं बटाट्याच्या टेबलाला मी आसते.

आमच्या पाळकबाई, म्हंजे चर्चच्या धर्मगुरू, लई गुनाच्या. दर आठवड्याला पानभर लिहित्यात, देवावरचा भरवसा आन् आपलं रोजचं जगनं, म्हंजे बस चुकली म्हना, केक करपला म्हना, बाई तिथनं बरोबर देवापाशी जाऊन पोचत्यात. शुक्रवारी सगळ्यांना ईमेल जाती, म्हाताऱ्यांसाठी मी कागदावर छापून काढते. माझं इंग्लिश वाचनं सावकाश, पन त्यांचं लिहिलेलं मला कळतं.

तर एका बुधवारी लाइनीत कुलकर्णीबाई दिसल्या. ह्या कोन, तर मराठी लोकांच्या गनपतीला पोरगं मला एकदा घिऊन गेलं व्हतं, मी घरनं करंज्या करून नेल्या व्हत्या, नाताळाला करतो तशाच. ह्या बाईंचा नवरा ऑइलच्या ऑफिसात इंजिनियर, ह्या पैठणी नेसलेल्या, माझी करंजी हातात घिऊन गोड आवाजात इचारलं, कुठल्या तुम्ही, आडनाव काय. मी सांगितलं, गायकवाड, आन् आमी चर्चचे. हो का, छान, म्हनल्या, आन् करंजी टिश्यूत गुंडाळली आन् गेली ती गार्बेजमदी. मी बघितलं. तोंडानं काही बोलल्या आसत्या तर भांडले आसते, मी ऐकून घेनारी न्हाई, पन टिश्यूशी कसं भांडायचं.

आन् आता त्या बाई लाइनीत. नवऱ्याची नोकरी गेलेली मला पोराकडनं कळलं व्हतं. हातात रिकामी पिशवी, त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. आता मी काय करायचं, या बाई म्हनायचं, पिशवीत बटाटे घालायचे, एवढंच की न्हाई काम माझं. मी पाठ फिरवली आन् पोत्यातले बटाटे निवडत बसले. त्या जरा थांबल्या आन् न घेताच गेल्या.

पाळकबाईंनी ते बघितलं, नंतर इचारलं, सुमन, असं का केलंस. माझ्या तोंडातनं निघालं, आमच्याकडं अब्रूदार मानसावर वाईट दिस आले तर आपन ओळख दाखवत न्हाई, त्याला मान खाली घालायला लागू नये म्हनून. आता ही रीत खोटी न्हाई, माझी आई असंच करायची. पन माझ्या मनात ते नव्हतं. मला बरं वाटलं व्हतं. आलीस ना आता माझ्या हातचं न्यायला, असं वाटलं, देवाच्या घरात उभं ऱ्हाऊन वाटलं. लाज वाटती सांगायला.

शुक्रवारी पाळकबाईंचं पान आलं, त्यात मी. सुमननं पाठ फिरवून एका बाईचा मान राखला, प्रेम कसं करायचं ते तिच्याकडनं शिकावं, असं लिहिलेलं, आन् ते मीच छापून काढलं. रविवारी म्हाताऱ्या माझा हात हातात घिऊन, ब्यूटिफुल सुमन, ब्यूटिफुल, आन् मला वाटलं जमीन फाटावी. दोनदा पाळकबाईंच्या दारात गेले, आज सांगूनच टाकायचं म्हनून, आन् दोन्ही वेळा म्हनलं हीटर आवाज करतोय.

पुढच्या बुधवारी तो कागद कुनीतरी ग्रोसरीच्या टेबलावर ठिवलेला. कुलकर्णीबाई परत आल्या, लाइनीत उभ्या उभ्या वाचला, आन् सरळ माझ्यापाशी आल्या. ताई, मला वाटलं तुम्ही राग धरलाय, आणि धरायला तुम्हाला कारण होतं, मी फार वाईट वागले होते हो तुमच्याशी. डोळ्यांत पानी त्यांच्या. तवाच बोलायला पायजे व्हतं मी, की बाई, तुम्हाला वाटलं तेच खरं. मी म्हनलं, बटाटे किती देऊ.

आता त्या दर बुधवारी लवकर येत्यात, माझ्यासंगं कांदे निवडत्यात, माझ्या डब्यातलं खात्यात, ताई तुमच्या हाताला चव आहे म्हनत्यात, आन् मी डबा त्यांच्याकडंच सरकवते. नवऱ्याला अजून काम न्हाई. मनातलं सगळं मला सांगत्यात, आन् मी चांगल्या बाईचं सोंग घिऊन ऐकते.

हे तुम्ही इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापनार ना, तो अंक ह्या बाईंच्या घरी जातो, त्या पयल्या पानापास्नं शेवटपर्यंत वाचत्यात. म्हनून तर बोलले येवढं, तोंडावर काही मला जमायचं न्हाई. त्यांचं नाव तेवढं बदला, लोकांना कळायला नको, माझं ऱ्हाऊ द्या. वाचल्यावर त्या आल्या तर आल्या. न्हाई आल्या तर दुसऱ्या कुठल्या चर्चात त्यांना चांगले बटाटे मिळू देत, देव त्यांचं भलं करो.