राहेलबाईंनी साहेबाला विळीवर बसवलं

सांगा बरं मंडळी, देवाच्या घरात मोठा कोण — देणारा की घेणारा? "देणारा" म्हणता? थांबा, घाई नको. आधी ऐका.

बोरटेक गावच्या चर्चला नॉर्वेतलं एक चर्च दरसाल मदत पाठवायचं. काय? लोकरीच्या टोप्या! आणि बोरटेकचं ऊन कसलं — पत्र्यावर पापड भाजावा! पण तोंड कोण उघडणार? पाळक भिंगारदिवे लिहायचे, 'टोप्या फार उपयोगी पडल्या.' पडल्या ना — कोंबड्या त्यात अंडी घालायच्या.

एके वर्षी तिथले पाळक हाल्वर साहेब स्वतः आले. ताडमाड माणूस, मोडकंतोडकं मराठी शिकून आलेला. गावच्या लोकांनी हार घातले, खुर्चीत बसवलं. उठले की चौघं धावायचे — "बसा साहेब." दोन दिवस बिचारा नुसता बसून!

तिसऱ्या दिवशी साहेब चुलीपाशी गेले. तिथं महिला मंडळाच्या राहेलबाई उमाप. साहेब म्हणाले, "बाई, मला काम द्या."

बाईंनी विळी पुढं सरकवली. "कांदे चिरा."

पाळक धावत आले. "अहो, पाहुणे आहेत ते."

"मग पाहुणे जेवणार नाहीत का?"

साहेब चिरू लागले, रडू लागले. बाई हसल्या. पण कांदे संपले तरी रडणं थांबेना! बाईंनी जवळ बसून विचारलं, "काय झालं, भाऊ?" — बघा, साहेबाचा भाऊ झाला.

"रविवारी आमच्याकडे नऊ माणसं येतात, बाई. पुढच्या वर्षी चर्चला कुलूप लागेल. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आम्ही देणारे ना."

"आम्ही तरी कुठं खरं बोललो? टोप्या नकोत आम्हाला."

पाळकांना खोकला आला.

बाई म्हणाल्या, "आता आमची पाळी. मी येते तुमच्याकडे."

आणि गेल्या की! तीन महिने राहिल्या. नऊवारीवर कोट, पायात बूट, बर्फातून दारोदार. त्यांच्या भाषेतलं एकच वाक्य पाठ — "रविवारी का आला नाहीत?" काही धाकानं आले, काही बाईंच्या रश्श्यासाठी आले. बाई परतल्या तेव्हा साठ माणसं बाकांवर होती. कुलूप टळलं.

तेव्हापासून दोन्हीकडच्या पत्रांत दोन गोष्टी असतात — आम्हाला काय हवं, आणि तुम्हाला काय हवं. टोप्या बंद!

मंडळी, आपल्या प्रभूनंसुद्धा विहिरीवर एका परक्या बाईकडे पाणी मागितलं. त्याला कमीपणा वाटला नाही, आणि तुम्हाला वाटतो? शेजारच्या गावच्या मंडळीला नाताळात फराळ देता, फोटो काढता. त्यांच्याकडे कधी काही मागितलंत? मघाशी तुमचं भजन ऐकलं मी. त्या गावात सुरात पेटी वाजवणारा माणूस आहे म्हणे. उद्या सकाळी जा, आणि हात जोडून मागा.