साटिन आतल्या बाजूला

—नाही, नाही चाचा, उलटं. साटिन आत, पट्ट्यांचं कापड वर. बरोबर ऐकलंत तुम्ही. आधी या गुलाबी साटिनची खोळ शिवायची, तिच्यात कापूस भरायचा, आणि मग त्या सगळ्यावर ही जुनी पट्ट्यांची खोळ चढवायची — हसताय काय? मग साटिन दिसणार कुणाला म्हणता? कुणाला दिसूच नये, म्हणून तर आत! या गच्चीवर गुलाबी साटिन दिसलं की समोरच्या बायका लगेच ललकाऱ्या मारायला लागतील, मन्सूरा शहरभर बोभाटा — इन्शिराहचं लग्न, इन्शिराहचं लग्न! मी खाली सांगितलंय, पाठ दुखते, जुनी गादी पिंजून घेते. पाठ दुखतेच, खोटं नाही. थांबा, ते ओले शर्ट बाजूला करते, तुमच्या कापसाची धूळ बसेल त्यांच्यावर — बसू दे, माझे थोडेच आहेत? माझ्या नवऱ्याचे. म्हणजे, होता तेव्हाचा नवरा. दहा वर्षं मीच वाळत घातले हे. हात आपोआप जातो बघा.

हो, इथंच राहतो, तिसऱ्या मजल्यावर, नव्या बायकोबरोबर आणि तिच्या दोन पोरांबरोबर. दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझी पोर. तळमजल्यावर त्याची आई, हाजीणबाई. पोर माझ्याकडे आहे तोवर घर माझं, असं कोर्टानं सांगितलंय, म्हणून राहते. छत माझं, पण त्या छतावर चालतो तो! त्या नवीच्या चपलांचा आवाजसुद्धा ओळखते मी आता. तलाक घेतला त्या दिवशी वाटलं होतं, सुटले. अहो कसली सुटते! नवऱ्याला सोडणं सोपं, चाचा, जिना एकच असला की सासूला कसं सोडायचं ते सांगा. आता नावं कशाला ठेवू, अलीकडे म्हातारी बदललीय. पूर्वी जिन्यात भेटली तर तोंड फिरवायची, आणि आता पाठ दुखते म्हटल्याबरोबर तुमचं नाव त्यांनीच सुचवलं, वर हा नवा कापूस दिला, पदरचा! तुझ्या गादीत घाल म्हणाल्या, आणि थोडा काढून पाहुण्यांसाठी एक छोटी गादी भरून घे. ती टाकीजवळ ठेवलीत तीच. तिच्यावर कुठला पाहुणा मावणार देव जाणे, हाजीणबाईंच्या माहेरची माणसं सगळी म्हशीएवढी! आणि नातीचं काय कौतुक चाललंय — गेल्या आठवड्यात सल्साबीलला दाराशी उभी केली, ईदच्या फ्रॉकचं माप म्हणून दोरी लावली अगदी डोक्यापासून टाचेपर्यंत. माणूस म्हातारपणी मऊ होतं. तुमच्या कापसासारखंच, बडवून बडवून.

जुना कापूस टाकू नका हां. सगळा पिंजा, पण टाकू नका. रिफअत म्हणतो, तिथलं काही आणू नकोस, नवं सगळं मी — झालं, सुटलं तोंडातून. असू दे. तुमच्या या पिंजायच्या धनुकलीच्या आवाजात कोण ऐकतंय? कोपऱ्यावर लोणच्याचं दुकान आहे ना, खारवलेले सलगम, लिंबं, गाजरं — तो रिफअत. हाताला कायम सिरक्याचा वास. दिसायला? दिसायला काही नाही हो, पोट आहे, केस गेलेत. पण एकदा मी घरी आणून पुडी उघडली तर आत गाजर नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणतो, तुम्ही दुकानातून निघता आणि वळणावर गाजरं मांजरापुढे टाकता, मी बघतो रोज. मांजर काही खात नाही. मग म्हटलं आपणच काढून ठेवावीत. दहा वर्षं मी एका माणसाचा स्वयंपाक केला, चाचा, मला गाजर आवडत नाही हे त्याला आजही ठाऊक नसेल. मग काय, रोज लोणचं आणायला लागले. घरात मी आणि पोर दोघीच, पोर लोणच्याला शिवत नाही, खाली सासूबाईंना दात नाहीत, आणि बरण्या भरून ओसंडतायत!

आणि कापूस टाकू नका म्हटलं ते नवऱ्याच्या आठवणीसाठी नव्हे. माझ्या आईनं दिलेला आहे तो. पहिल्या लग्नात शेतावरून पोत्यात भरून स्वतः घेऊन आली होती. तिच्या कापसाचा काय दोष? तो माणूस त्याच्यावर झोपला म्हणून? गाठी काढा फक्त. आई असती तर आज असं चोरून साटिन शिवायची वेळच आली नसती. तुम्हाला माहीतच आहे — बाईनं परत निकाह लावला की पोर तिच्याकडून जाते. कुणाकडे जाते? आधी बाईच्या आईकडे. माझी आई असती तर मी पोरीला तिच्याकडे ठेवून दोन गल्ल्या पलीकडे राहिले असते, रोज वेणी घालायला गेले असते. ती गेली. मग नंबर बापाच्या आईचा. कळलं? म्हणून नोंदणी नाही, मिरवणूक नाही, दोन साक्षीदार आणि एक कागद, बस. मी इथंच राहणार. गादी विकली म्हणून सांगायचं आणि हातगाडीवरून रिफअतच्या खोलीत. पोर शाळेत असते तेवढा वेळ तरी — काय वय झालंय माझं अशी चोरी करायला! पण साटिन पाहिजेच मला, वर पट्टे असले तरी. आत काय आहे ते मला ठाऊक असेल ना. हाताला लागेल ना. मला जगायचंय हो. हे म्हणायलासुद्धा गच्चीवर यावं लागतं.

अगं हळू, हळू! जिन्यावरून पळत येतेस, ताट सांडेल. ही माझी सल्साबील. हे काय गं? शरबत? लग्नात वाटतात ते लाल शरबत — आजीनं? कशाचं? कुणाचं लग्न? ... कोण म्हणालं तुला? आजी म्हणाली. बरं. आणि काय म्हणाली आजी? ... तू आता आजीकडेच राहायचं? कधीपासून? गुरुवारपासून. आजीच्या खोलीत, खिडकीखाली. पलंगसुद्धा आणलाय? निळा. छान असतो निळा. नाही गं, रागावले कुठं, ऊन लागतंय डोळ्यांना. ग्लास ठेव आणि जा. जा म्हटलं ना.

—चाचा, ती छोटी गादी. केवढी आहे लांब? माप कशावरून घेतलंत? हाजीणबाईंनी दोरी दिली होती... कुठली दोरी? बघू. हीच. हीच लावली होती तिला दाराशी. फ्रॉकला टाचेपर्यंत माप कुणी घेतं का हो? माझ्या डोळ्यांसमोर घेतलं आणि मी बाजूला उभी राहून हसत होते. आणि कापूस दिला, पदरचा! पोर खाली नेली की माझं घरही सुटलं — वरच्या मजल्यावर तिसरं पोर व्हायचंय, त्यांना जागा पाहिजेच आहे. शरबत गोड केलंय बघा, साखर हात सैल सोडून घातलीय.

उसवा ती. टाके तोडा, सगळा कापूस माझ्या गादीत घाला. रुंद करा, दोघींना पुरेल एवढी. साटिन? ते राहू दे, गुंडाळून घेऊन जा, एखाद्या नवरीला लागेल. पट्ट्यांची एकच खोळ. बघू नका माझ्याकडे असे. कोण, रिफअत? त्याला तुम्ही काही सांगू नका, तुमचं काय काम त्याच्यात. जाताना एवढंच म्हणा, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलंय, गाजर वेगळं काढायची गरज नाही. त्या आता खातात.

हात का थांबला? वाजवा. जोरात वाजवा, चाचा, त्या खाली ऐकत असतील.