तेविसाव्या दिवशी निघालेली पिलं

हॅलो? … व्हय, मीच. बोल, तेजल. … घरीच हाय. कुटं जातोय? … खाल्ली, भाकरी खाल्ली. शेजारच्या झुंबरबाईनं दिलती. … अगं खाल्ली म्हनतो ना.

ते व्हय? ऐकू येतंय का तुला तितं? … पिलं हाईत. काल निघाली. … तीच की. तुजी आय गेली, त्याच्या आदी आठ दिस बसवलेली कोंबडी. अकरा अंडी. कोळशानं रेघ मारून ठिवलती तिनं, एकेकावर.

… न्हाई गं, अकराची अकरा कुटली. … सांगतो. ऐक तर. एकविसाव्या दिवशी निघाया पायजे व्हती, ती तेविसाव्याला निघाली. त्यातबी पाच गारच. जीव असला की पान्यात हालत्यात, घालून बगितली, हाललीच न्हाईत. दोन भायेर आली, तशी कोंबडी त्यांना घिऊन उठली, गेली गोठ्याकडं. मागं वळून बगितलं न्हाई. पिलांनी टोचलेली चार अंडी तशीच पाटीत. आतनं वरडत व्हती.

… मी काय करनार? मला कुटं येतंय त्यातलं? समदं तुजी आयच करायची. झुंबरबाई म्हनली, हनुमंतभाऊ, हात लावू नका, रगत येतं. … व्हय. पर किती येळ ऐकायचं ते? कोमट पान्यात फडकं भिजवलं. चष्मा लावला. आतला पापुद्रा वाळून अंगाला चिकटलेला. टवका टवका काढत बसलो, पार दुपारपातूर. … तीन. तीन निघाली. एक आतच…

… पंख्याच्या खोक्यात ठिवल्यात. बल्ब सोडलाय आत, ऊब पायजे. खाली तुज्या आयचं पातळ हाथरलंय. … न्हाई, हिरवं न्हाई! ते तुला ठिवलंय, पेटीत हाय. हे रोजचं, चुलीपुढचं. … धुतलं न्हाई अजून. … धुवू वाटंना.

हं… हॅलो? … हाय, हाय. एकाचं पाय फाकल्यात. उभंच ऱ्हाईना. ते हातात घिऊन बसलोय. गरम लागतंय, पर डोळं उघडंना.

… का म्हंजी? गार पडली व्हती अंडी. … तुज्या आयच्या दहाव्याला. … न्हाई, मांडववाल्यांनी न्हाई. त्यांना कशाला बोल लावती? … मीच. अगं मीच. पातेली ठिवाया जागा नव्हती. मी म्हनलं, उचला ती पाटी, ठिवा भायेर. कोंबडी बुजली, माळ्यावर जाऊन बसली. मान्सं जेवून गेली, सांज झाली, तवा माज्या ध्यानात आलं. हात लावला तर दगडावानी. … येवडं एक काम तिनं मागं ठिवलतं.

… न्हाई, तुला ठाव न्हाई. ऐक. … ऐक ना गं. दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली, तरी मला म्हनती, कोंबडीला पानी ठिवलं का? दानं टाकलं का? मी खेकसलो. म्हनलं, तुला जिवाचं न्हाई, कोंबडीचं पडलंय! … काय म्हननार? भिंतीकडं तोंड केलं. मी च्या प्याया खाली गेलो. … व्हय. तवाच. वर आलो तर नर्स पळत व्हती.

… कुनालाच न्हाई. तुलाच सांगतोय.

… तू कशाला माफी मागती? …

आज? तुज्याकडं, सोमाटन्याला? … समर्थराव येनार न्याया? जावयाला कशाला तरास? … न्हाई गं, ही टाकून कसा येऊ? कण्या बारीक करून घालाव्या लागत्यात, चोची वल्या कराव्या लागत्यात…

थांब. थांब जरा. … 

… हितंच हाय. मान टाकली त्यानं. … तेच, पायवालं. … चोळतोय की. फुंकर घालतोय. … उठ रं… उठ… 

… 

गेलं.

… हॅलो. हाय मी. … ठीक हाय. … न्हाई, रडत न्हाई. पिलू व्हतं येवडंसं, त्यात काय… 

… व्हय. रडतोय. … दहाव्यालाबी रडू न्हाई आलं गं. समदी म्हनत व्हती, दगड हाय मानूस. … तूबी रडतीस व्हय? … रड.

…

तेजल, ऐक. तूच ये. समर्थरावांना ऱ्हाऊ दे, तू ये. … दोन दिस ऱ्हा. … आजच. जमवतीस? … कान्हे फाट्याला उतरली की फोन कर, मी येतो गाडी घिऊन. झुंबरबाईला बसवतो पिलांपाशी. … दोन हाईत अजून. चांगली हाईत, चोच मारत्यात खोक्याला.

… ठिवतो मंग. ह्याला परड्यात पुरून येतो आदी. … व्हय, खोल पुरतो. मांजर उकरंल न्हाईतर. … हं. … ये गं बाय. वाट बगतो.